तीन गुणांची रेषा आणि ‘डेप्थ’ नावाचा घोळ

‘या संघाकडे शूटिंगची डेप्थ नाही’ हे वाक्य बास्केटबॉलचा हंगाम सुरू झाला की सतत कानावर पडतं. म्हणजे नेमकं काय नाही? कुणी बेंचवर किती शूटर बसलेत ते मोजतो, कुणी तीन गुणांच्या रेषेच्या किती मागून थ्री (रेषेबाहेरून मारलेला, तीन गुणांचा शॉट) पडतो ते. प्रशिक्षकाची झोप उडवतो तो तिसराच आकडा: या क्षणी कोर्टवर असलेल्या पाचांपैकी कितींना मोकळं सोडणं परवडणार नाही?

अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, ही रेषा 1979 साली आली. पहिल्या हंगामात संघ सामन्याला सरासरी तीन थ्रीसुद्धा मारत नव्हते (मारणं म्हणजे प्रयत्न, पडले ते वेगळे). पुढे बरीच वर्षं एखाद-दुसऱ्या शूटरवर भागलं.

खरी गंमत 1994 ची. गुण आटले म्हणून रेषाच आत ओढली. मधोमध रिंगपासून 23 फूट 9 इंच होती, ती सगळीकडे 22 फूट केली. कोपऱ्यात ती आधीपासूनच 22 फुटांवर होती. कोर्टची रुंदी 50 फूट, त्यामुळे कोपऱ्यातल्या शूटरला उभं राहायला तीनच फूट उरतात. संघामागे सामन्याला थ्रीचे प्रयत्न एका हंगामात 9.9 वरून 15.3 वर गेले, नेमही सुधारला. आणि गुण? आधी संघामागे सामन्याला 101.5 होते, तिसऱ्या हंगामात 96.9. संथ खेळ आणि धसमुसळा बचाव हीही कारणं होतीच. पण माझ्या मते चूक साधी होती: रेषा आत आली तसा डिफेंडरही आत आला. ड्राइव्ह (चेंडू घेऊन रिंगकडे मारलेली मुसंडी) अडवायची आणि दोन ढांगांत आपल्या शूटरपाशी परतायचं, हे त्याला जमू लागलं. शूटर वाढले, पण मैदान आक्रसलं. 1997 ला रेषा पूर्ववत झाली आणि प्रयत्न 12.7 वर उतरले.

2004 पासून रिंगपासून दूर, बाहेरच्या बाजूला चेंडू खेळवणाऱ्या खेळाडूला हाताने रोखण्यावर कडक शिट्टी वाजू लागली आणि मग हिशेबाला धार आली. 35 टक्के थ्री पडले तरी शॉटमागे 1.05 गुण, तेवढे दोनच्या शॉटने मिळवायचे तर 52.5 टक्के नेम हवा. गार्ड (चेंडू खेळवणारा) रिंगकडे घुसला की कोपऱ्यातला डिफेंडर एक पाऊल पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या चौकोनात, टाकतो. त्याचा माणूस थ्री मारणारा असेल तर ते पाऊल महागात पडतं. नसेल तर फुकटात मदत.

2017-18 मध्ये ह्यूस्टनने दोनच्या शॉटपेक्षा थ्री जास्त मारले, असं करणारा तो पहिला संघ. कॉन्फरन्स फायनलच्या (लीगच्या एका विभागाच्या अंतिम लढतीच्या) सातव्या सामन्यात मात्र त्यांचे सलग 27 थ्री चुकले, एकूण 44 पैकी सातच पडले आणि संघ नऊ गुणांनी हरला. थ्रीच्या नादाने बुडाले, असा शिक्का बसला. दुसरा मुख्य गार्ड मांडीच्या दुखापतीने बाहेर होता आणि फिरवायला माणसं मोजकीच होती, हे फारसं कुणी बोललं नाही.

2023-24 चा बोस्टन सामन्याला 42 च्या वर थ्री मारत होता आणि विजेता ठरला. त्यांचा सेंटरही (एरवी रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू) रेषेबाहेर उभा राहायचा, म्हणून समोरच्या सर्वांत उंच माणसाला रिंग सोडून यावं लागे. प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) तो जायबंदी झाला, तेव्हा त्याच्या जागी आला चाळिशीकडे झुकलेला दुसरा सेंटर. थ्री त्यालाही येत होता.