गुलाल उधळला की पिक्सेल का फुटतात?

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आतेभावाने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. गिरगावातल्या आमच्या चाळीचा गणपती ठाकूरद्वारच्या नाक्यावर पोचला तेव्हाचा. लांबी ५२ सेकंद. सुरुवातीला मूर्ती संथपणे पुढे येते. सोंडेवरची नक्षी, मुकुटातले खडे, सगळं लख्ख दिसतं. अठराव्या सेकंदाला ताशा चढतो, कोणीतरी परातभर गुलाल वर उडवतं आणि बघता बघता बाप्पाचा चेहरा चौकोनाचौकोनांत विरघळून जातो. आवाज मात्र खणखणीत. ढोलाचा एक ठोका चुकत नाही.

ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली. काकांनी लिहिलं, "फोन बदल रे आता." काकूंचं म्हणणं, चौपाटीकडे एवढी गर्दी, नेटवर्क गंडलं असणार. चुलतबहिणीला वाटलं, लेन्सवर गुलाल बसला असेल. पण फोन चांगला होता. लेन्सवर गुलाल बसला असता तर डाग शेवटपर्यंत राहिला असता. इथे गुलाल खाली बसताच चेहरा पुन्हा दिसू लागला होता. आणि नेटवर्क फाइलला धूसर करत नाही. वाटेत हरवलेला तुकडा फोन पुन्हा मागवून घेतो. रेंज कमी असेल तर फाइल उशिरा येते, पण येते ती जशीच्या तशी. (लोकलमध्ये ऑनलाइन व्हिडिओ बघताना चित्र मधेच खराब होतं, त्याचं कारण निराळं. तिथे एकाच व्हिडिओच्या लहानमोठ्या आवृत्त्या आधीच काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेल्या असतात आणि रेंज पडली की ॲप हलक्या आवृत्तीचा तुकडा उचलतं.)

आमच्या व्हिडिओत चेहरा गेला तो गुलालामुळेच, पण लेन्सच्या पुढे नव्हे, आकडेमोडीच्या आत.

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाला एकेक बाइट धरला तर एका चित्राचे ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला अशी ३० चित्रं. या हिशेबाने आतेभावाच्या ५२ सेकंदांचं वजन ९.७ जीबी भरतं. प्रत्यक्षात त्याच्या फोनमध्ये साठलेली फाइल ११० एमबीची होती आणि माझ्या फोनवर आली ती ८ एमबीची. म्हणजे हजारातले नऊशे नव्याण्णव भाग मधल्या मधे गेले, तरी पहिल्या सतरा सेकंदांत मला काही कमी वाटलं नाही. मला ही गोष्ट अजूनही थक्क करते.

यातली सर्वांत मोठी युक्ती अंदाजाची आहे. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला तीस फोटो, असं आपण समजतो, पण फाइलमध्ये तसे तीस फोटो नसतात. अधूनमधून एखादं चित्र पूर्ण साठवलेलं असतं. त्याच्या पुढची चित्रं म्हणजे बहुतांशी सूचना: मागच्या चित्रातला हा चौकोन उचल, तीन ठिपके उजवीकडे सरकव, इथे ठेव. ट्रक हळूहळू पुढे सरकतो तेव्हा मूर्ती अख्खी एकाच दिशेने सरकते. मागच्या इमारती, दुकानांच्या पाट्या, विजेचे खांब जागचे हलत नाहीत. त्यांच्यासाठी "होतं तेच ठेव" एवढी सूचना पुरते. जे नवीन आहे तेवढ्याचेच पैसे मोजायचे, असा हा व्यवहार. बातम्या देणारी निवेदिका कमी रेंजमध्येही सुबक दिसते ती यामुळेच. तिचे ओठ आणि पापण्या सोडल्या तर पडद्यावर नवीन काही घडतच नसतं.

आता हवेत उडालेला मूठभर गुलाल बघा. प्रत्येक कण वेगळ्या दिशेने, वेगळ्या वेगाने जातो, वाऱ्यावर वळतो, विरतो. मागच्या चित्रात शोधून या चित्राशी जुळेल असा तुकडा सापडत नाही. अंदाज चुकतो, आणि तोही एका कोपऱ्यात नाही, सगळ्या पडद्यावर एकदम. पहिली सतरा सेकंदं जे फुकटात मिळत होतं, ते सगळं आता नव्याने लिहून पाठवावं लागतं. लालबागला श्रॉफ बिल्डिंगवरून पुष्पवृष्टी होते तिचे व्हिडिओ नीट बघा, पाकळ्या सुटल्या की हेच होतं. मरीन ड्राइव्हवर भरतीची लाट फुटताना आणि दादरच्या पुलावरून टिपलेल्या धो धो पावसातही हेच. मुंबईच्या माणसाला जे जे टिपावंसं वाटतं, नेमकं तेच या गणिताला सर्वांत जड जातं.

लिहायला जागा तरी किती? ८ एमबी भागिले ५२ सेकंद, भागिले ३० चित्रं. एका चित्राच्या वाट्याला सरासरी जेमतेम ५ केबी. महिन्याचा किराणा ठरलेल्या पैशांत बसवायचा आणि त्याच महिन्यात घरात लग्न निघावं, तशी गत होते. मग जे तपशील वगळले तरी चालतील असे वाटतात, त्यांच्यावर काट मारली जाते.

कोणते तपशील वगळायचे, हे ठरवायची रीत एका भारतीय माणसाने घालून दिली. नासिर अहमद १९४० साली बंगळुरूत जन्मले, तिथेच इंजिनिअर झाले आणि पुढे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करायला तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला. तो मिळाला नाही. एका परीक्षकाला कल्पना फारच साधी वाटली, असं अहमद यांनीच पुढे लिहिलं आहे. तरी त्यांनी काम सोडलं नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी, हे त्याचं नाव. आपल्या फोनमधले जेपेग फोटो त्यावर चालतात आणि २००३ सालापासून जगभर रुळलेल्या एच.२६४ या व्हिडिओ पद्धतीतही त्याच जातीचं गणित आहे. शाळेच्या पुस्तकांत अहमद यांचं नाव असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कल्पना खरंच साधी आहे. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोन म्हणजे चौसष्ट ठिपके, असं न बघता तो चौसष्ट लहरींचं मिश्रण आहे असं बघायचं. काही लहरी मोठ्या आणि संथ असतात, त्या चौकोनाचा एकंदर उजेड आणि छाया सांगतात. काही बारीक आणि घाईच्या, त्यांत नक्षी, केस, कापडाचा पोत असतो. ढोल-ताशा पथक लांबून ऐकताना ढोलाचा घुमारा पोचतो, ताशाची तडतड विरते. मिरवणूक कुठे आहे हे मात्र आपल्याला कळतं. डोळ्याचंही तसंच आहे. संथ लहरी नीट ठेवल्या आणि बारीक लहरी ढोबळ केल्या तरी चित्र ओळखू येतं. जागा जितकी कमी, तितक्या जास्त लहरी पुसल्या जातात. पुसत पुसत शेवटी चौकोनाचा एकच सपाट रंग उरतो. शेजारच्या चौकोनाचा सपाट रंग थोडा वेगळा असतो, म्हणून दोघांमधली रेघ दिसू लागते. "पिक्सेल फुटले" म्हणतो ते हेच, पण खरं तर फुटत काहीच नाही. पिक्सेल सगळे जागच्या जागी असतात, त्यांच्यातला फरक पुसलेला असतो.

गुलालाच्या बाबतीत आणखी एक दुर्दैव आहे आणि ते मला फार उशिरा उमगलं. उजेड-अंधारातले बारकावे आपल्या डोळ्याला रंगांतल्या बारकाव्यांपेक्षा जास्त स्पष्ट कळतात. म्हणून व्हिडिओत उजेडाचं माप प्रत्येक ठिपक्यासाठी ठेवतात, रंगाचं माप मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. उजेडाच्या या मापात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा ७. गडद गुलाबी गुलालात हिरवा जवळजवळ नसतोच. त्यामुळे त्याच्या कडा, त्याचे लोट, त्यातून डोकावणारा चेहरा, या सगळ्याची भिस्त रंगाच्या मापावर पडते, आणि त्या मापाचे तीन चतुर्थांश आधीच कापलेले. हाच व्हिडिओ पिवळ्या झेंडूच्या पाकळ्यांचा असता तर चौकोन झालेच असते, पण कडा इतक्या फाकल्या नसत्या.

त्या दिवशी दुपारी मी व्हिडिओ लॅपटॉपवर घेतला आणि एकेक चित्र पुढे सरकवत बघितला. तुम्हीही हे करून बघा. गुलाल उडाल्यावर सातव्या-आठव्या चित्रात सोंड आणि गाल एक होतात. मग चौकोन नुसतेच घसरत राहतात. मूर्ती डावीकडे झुकते, पण तिच्या कपाळावरचा गंधाचा तुकडा मागच्या जागी तरंगत राहतो, कारण त्याला "होतं तेच ठेव" अशी सूचना मिळालेली असते. आणि मग एकाच चित्रात सगळं झटकन टवटवीत होतं, जणू कोणी काच पुसली. ते पूर्ण साठवलेलं चित्र. तिथून पुन्हा घसरण सुरू. एकदा हे ओळखता आलं की कुठल्याही फॉरवर्डमध्ये चित्र असं मधूनमधून श्वास घेताना दिसतं. आवाजाचा हिशेब या सगळ्यापासून वेगळा. त्याला जागा थोडीच लागते आणि ती आधीच राखलेली असते, म्हणून ढोल शाबूत राहिला.

११० एमबीचे ८ एमबी झाले कुठे? आतेभावाच्याच फोनमध्ये. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून संदेशांना दोन्ही टोकांचं कुलूप असतं; मधल्या सर्व्हरला आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून त्याला व्हिडिओ लहानही करता येत नाही. जे दाबायचं ते पाठवणाऱ्याचा फोन कुलूप घालण्याआधीच दाबतो. एचडी पर्याय निवडला तर कमी दाबतो, पण दाबतोच. एकदा गेलेली फाइल ॲपमधल्या ॲपमध्ये नुसती पुढे फॉरवर्ड केली तर सहसा तीच राहते, नव्याने खराब होत नाही. नुकसान होतं ते आपण मधे हात घातल्यावर: स्टेटसला लावला, तिथून स्क्रीन रेकॉर्डिंग केलं, वर गाणं आणि नाव चिकटवलं, दुसऱ्या साइटवर चढवला. दर वेळी चित्र पूर्ण उलगडून पुन्हा पहिल्यापासून दाबलं जातं. आणि इथे एक दुष्टचक्र आहे. मागच्या फेरीत उमटलेल्या चौकोनांच्या रेघा पुढच्या फेरीला खऱ्याच वाटतात. गणिताला कळत नाही की ही रेघ मंडपाच्या बांबूची नाही, मागच्या फेरीतल्या आपल्याच भाऊबंदाने पाडलेली आहे. ते इमानाने ती रेघ जपतं, आणि त्या जपण्यात खऱ्या चेहऱ्याचे बाइट खर्च होतात.

हे मी इतक्या तळमळीने सांगतोय, त्याला कारण आहे. आजोबांनी शेवटची आरती केली त्याचा आमच्याकडे एकच व्हिडिओ आहे. ज्या फोनने काढला तो केव्हाच बिघडला आणि टाकून दिला. उरली आहे ती हातोहाती फिरून आलेली, वर फुलांची चौकट आणि खाली "सुप्रभात" लिहिलेली प्रत. निरांजनाच्या धुरात आजोबांचा चेहरा बारा-पंधरा चौकोनांचा आहे. मागच्या वर्षी मी तो एआय वापरून स्वच्छ करून देणाऱ्या ॲपमध्ये टाकला. बाहेर आला तो एका म्हाताऱ्या माणसाचा सुंदर, रेखीव चेहरा. सुरकुत्यासुद्धा एकेक मोजता येतील अशा. फक्त ते आजोबा नव्हते. असल्या ॲपने असंख्य चेहरे बघितलेले असतात. चौकोनांत जे उरलेलंच नाही त्याच्या जागी ते शोभेलसं काहीतरी भरतं. आजोबांच्या डाव्या भुवईवरचा व्रण त्याला कुठून माहीत असणार? मी ती फाइल ग्रुपवर टाकली नाही.

म्हणून यंदा मी त्याच रविवारी पेनड्राइव्ह घेऊन गिरगाव गाठलं. आतेभावाच्या फोनमधून ११० एमबीची मूळ फाइल उतरवली आणि लॅपटॉप आत्याच्या पुढ्यात ठेवला. गुलाल उडाला. चेहरा जरा मऊ झाला, पण सोंड आणि गाल वेगळे राहिले, डोळे दिसत राहिले. एकतिसाव्या सेकंदाला आत्या म्हणाली, "थांब, थांब. जरा मागे घे रे." समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, लोटाच्या फटीतून, एक बाई हात जोडून उभी दिसत होती. माझ्या फोनवरच्या प्रतीत त्या जागी तीन तपकिरी चौकोन होते.

"अरे, ही तर आपली शेजारची काकी. गुडघ्यांनी हैराण आहे, या वर्षी खाली उतरलीच नाही. मला वाटलं, तिने बघितलंच नसेल."

मग तिने चष्मा पुसला आणि तो तेवढाच भाग आणखी दोनदा लावायला सांगितला. "हाच पाठव मला. तो सकाळचा नको." मी तो फोनमधल्या फोटो-गॅलरीतून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला, म्हणजे फोन त्याला हात लावत नाही. चाळीच्या वायफायवर ११० एमबी वर चढायला बराच वेळ लागला. तेवढ्यात आत्याने चहा टाकला आणि जिना चढून काकीला बोलवायला आतेभावाला पिटाळलं.