वर्डप्रेस बसवताना डेटाबेस जोडला जात नाही? फोन करण्याआधी हे बघा

आमच्या होस्टिंग कंपनीला नव्या ग्राहकांचे सगळ्यात जास्त फोन एकाच कारणासाठी येतात. वर्डप्रेस, म्हणजे साइट चालवणारं सॉफ्टवेअर, बसवायला घेतलं, डेटाबेसची (जिथे साइटचा मजकूर साठतो) माहिती भरली, ‘सबमिट’ दाबलं आणि एरर आली. बहुतेक जण वरची ठळक ओळ वाचून थांबतात आणि तेवढाच तुकडा कापून पाठवतात. उत्तर मात्र बरेचदा खालच्या बारीक अक्षरांत असतं.

‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ असं आलं, तर सर्व्हरने दारातूनच परत पाठवलंय. म्हणजे युजरनेम, पासवर्ड किंवा होस्ट (डेटाबेस सर्व्हरचा पत्ता) यांत काहीतरी चुकलंय. पासवर्ड कॉपी करताना शेवटचं एक अक्षर सुटलं, तरी एवढं पुरतं. पण ‘कॅनॉट सिलेक्ट डेटाबेस’ असं आलं, तर युजरनेम-पासवर्ड बरोबर आहेत. तसं तिथे लिहिलेलंही असतं. अडलंय ते पुढे. आणि नेमकी हीच एरर आली की लोक पासवर्ड बदलत बसतात!

सीपॅनेलमध्ये, म्हणजे तुमचं होस्टिंग खातं सांभाळायच्या पॅनेलमध्ये, डेटाबेस तयार करणं हे एक काम, युजर तयार करणं दुसरं आणि त्या युजरला त्या डेटाबेसशी जोडणं तिसरं. हे तिसरं राहतं. पहिली दोन झाली की सगळं झाल्यासारखं वाटतं, कारण ‘ॲड युजर टू डेटाबेस’ हा भाग त्याच पानावर बराच खाली असतो. तिथे युजर आणि डेटाबेस निवडा, ‘ॲड’ दाबा, पुढच्या पानावर ‘ऑल प्रिव्हिलेजेस’वर (सगळे अधिकार) टिक करा आणि ‘मेक चेंजेस’ दाबायला विसरू नका. नुसती टिक करून पान बंद केलं तर काहीच बदलत नाही. हे माहीत नसलं की ग्राहक वैतागून सगळं डिलीट करतात, नवा डेटाबेस नि नवा युजर बनवतात आणि त्यांनाही जोडायचं राहतंच. अख्खी दुपार जाते ती इथे. त्यापेक्षा सरळ ‘डेटाबेस विझार्ड’ वापरा, तो तिन्ही कामं क्रमाने करून घेतो.

नावाचाही घोळ होतो. तुम्ही डेटाबेसला ‘ब्लॉग’ नाव दिलंत तरी सीपॅनेल त्याच्या आधी तुमच्या खात्याचं नाव आणि अंडरस्कोर लावतं. वर्डप्रेसच्या फॉर्ममध्ये डेटाबेस आणि युजर, दोन्हींची पूर्ण नावं टाकायची. काही जण खात्याचं नाव ‘टेबल प्रीफिक्स’च्या रकान्यात टाकतात. तो रकाना डेटाबेसच्या आतल्या तक्त्यांच्या नावांसाठी आहे, खात्याच्या नावाशी त्याचा काही संबंध नाही. होस्टच्या रकान्यात आमच्या सर्व्हरवर ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे हाच सर्व्हर) असतं तेच राहू द्या, तिथे डोमेन टाकू नका.

घरच्या संगणकावरून थेट डेटाबेसला का जोडता येत नाही, अशी तक्रारही येते. ३३०६ हा पोर्ट, म्हणजे डेटाबेसकडे जाणारं सर्व्हरचं दार, आम्ही बाहेरून मुद्दाम बंद ठेवलाय, कारण उघडा दिसला की पासवर्ड चाचपणारे प्रोग्राम लगेच तिथे येतात. वर्डप्रेस आणि डेटाबेस एकाच सर्व्हरवर असल्याने तुमच्या साइटचं त्यावाचून काही अडत नाही.

चालू असलेली साइट अचानक ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’ दाखवू लागली, तर मामला वेगळा. आमचा डेटाबेस सर्व्हरच बंद पडलेला असू शकतो. सीपॅनेलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड बदलू नका. वर्डप्रेस जिथून पासवर्ड वाचतं त्या कॉन्फिग फाइलमध्ये जुनाच राहिला, तर आमच्याकडून सर्व्हर सुरू होऊनही तुमची साइट बंदच राहील. अशा वेळी आधी आम्हाला कळवा.

एवढं करूनही अडलं तर पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट आणि साइटचा पत्ता पाठवा. पासवर्ड पाठवू नका, आम्हाला तो लागत नाही. यात पडायचंच नसेल तर खातं घेतानाच सांगा, वर्डप्रेस आम्ही बसवून देतो. तुमच्या दोन साइट असतील तर दोन डेटाबेस आणि दोन वेगळे युजर करतो. काहींना हा उगाच खटाटोप वाटतो, पण एका साइटच्या डेटाबेसचा पासवर्ड फुटला तरी दुसरीचा डेटाबेस त्याने उघडत नाही.