क्रायोग्लोब्युलिन चाचणी

शरीराच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाखाली रक्तद्रवातून (सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) साक्याच्या रूपाने वेगळी होणारी आणि ऊब मिळताच पुन्हा विरघळणारी प्रतिपिंडे म्हणजे क्रायोग्लोब्युलिन. ती शोधण्याच्या या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही, लागते ती ऊब राखण्याची शिस्त.

विन्ट्रोब आणि ब्युएल यांनी १९३३ मध्ये मायलोमाच्या (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) एका रुग्णात असा साका पाहिला. क्रायोग्लोब्युलिन हे नाव लर्नर आणि वॉटसन यांनी १९४७ मध्ये दिले.

रक्त आधीच कोमट केलेल्या, गोठणरोधक नसलेल्या नळीत घेतात. गोठणे, ने-आण, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवणे हे सारे ३७ अंशांवरच व्हावे लागते. नळी वाटेत गार झाली, तर साका रक्ताच्या गुठळीत अडकून तिच्याबरोबर टाकला जातो. उरलेला रक्तद्रव स्वच्छ दिसतो आणि अहवाल ‘नाही’ असा येतो. खोटा नकार बहुतेक वेळा इथेच जन्मतो. म्हणून लक्षणे बोलकी असताना एका नकारावर थांबणे चुकीचे. नमुना पुन्हा, नीट उबेत घ्यावा.

वेगळा केलेला रक्तद्रव ४ अंशांवर सात दिवसांपर्यंत ठेवून रोज पाहतात. क्रायोग्लोब्युलिनच्या तीन प्रकारांपैकी (ते पुढे दिले आहेत) पहिल्यातला साका अनेकदा एका दिवसात दिसतो, तिसऱ्यातला आठवडाही घेतो. साका दिसला की थोडा भाग गरम करून तो विरघळतो का हे तपासतात. त्याचे आकारमानाचे प्रमाण, म्हणजे क्रायोक्रिट, मोजण्यासाठी बऱ्याचदा विन्ट्रोब नळीच वापरतात. साका प्रथम पाहणाऱ्या त्याच विन्ट्रोब यांच्या नावाची. मग साका थंड सलाइनने धुऊन, उबेत विरघळवून इम्युनोफिक्सेशनने (प्रतिपिंडे ओळखण्याची प्रयोगशाळेतील पद्धत) प्रकार ठरवतात.

ब्रुए यांच्या १९७४ च्या वर्गीकरणानुसार पहिल्या प्रकारात एकाच पेशीकुळाचे प्रतिपिंड असते व तो रक्तपेशींच्या विकारांशी निगडित असतो. दुसरा आणि तिसरा मिश्र, म्हणजे एकाहून अधिक प्रतिपिंडांचे; दुसऱ्यामागे बहुधा हेपटायटिस सी असतो. पायांवर जांभळे पुरळ, सांधेदुखी, अशक्तपणा ही मिश्र प्रकारांची ओळखीची लक्षणे. प्रतिकारयंत्रणेतले पूरक प्रथिन (कॉम्प्लिमेंट) सी-४ रक्तात कमी असणे हाही उपयुक्त दुवा.

क्रायोफायब्रिनोजेन, म्हणजे थंडीत असाच साका होणारे गोठणप्रथिन, मात्र गोठण्यात खर्ची पडते, म्हणून ते रक्तद्रवात नव्हे, प्लाझ्मात (गोठू न दिलेल्या रक्ताच्या द्रवात) शोधावे लागते.

कधी पहिली खूण साध्या रक्तगणनेत सापडते: गार नमुन्यातले साक्याचे कण यंत्र पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट म्हणून मोजते, आणि नमुना गरम करताच वाढलेला आकडा खाली येतो.