आइस हॉकी : व्यावसायिक खेळाडू

आइस हॉकी, व्यावसायिक : बर्फावरील हॉकी खेळून मिळणाऱ्या वेतनावर उपजीविका करणारा तो व्यावसायिक खेळाडू, अशी सोपी व्याख्या करता येते. इतिहासाला मात्र ती पुरत नाही. पैसे घेणे, ते घेतल्याचे उघड मान्य करणे आणि त्यांवर पोट भरणे या तीन गोष्टी या खेळात एकाच वेळी आलेल्या नाहीत. पहिला व्यावसायिक संघ कोणता, याविषयीचे मतभेद बव्हंशी यातूनच उद्भवले आहेत. खेळाचे नियम येथे गृहीत धरले आहेत.

उगम : ३ मार्च १८७५ रोजी माँट्रिऑल येथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये झालेला सामना हा बंदिस्त जागेतील पहिला नियोजित सामना मानला जातो. त्यानंतर सुमारे पाव शतक खेळ तत्त्वतः हौशी राहिला. ऑंटॅरिओ हॉकी असोसिएशन ही १८९० मध्ये स्थापन झालेली संस्था हौशीपणाविषयी विशेष कडक होती. १८९८ मध्ये ऑंटॅरिओ प्रांतातील बर्लिन (आजचे किचनर) या गावच्या संघाने शेजारच्या वॉटर्लूवर विजय मिळविला, तेव्हा प्रत्येक खेळाडूला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे भेट मिळाल्याचे सांगतात. एवढ्या कारणावरून संघाला बंदी झाली. त्या संघातील जॅक गिब्सन पुढे दंतवैद्य होऊन मिशिगन राज्यातील होटन या तांब्याच्या खाणींच्या गावी स्थायिक झाला आणि तेथील पोर्टेज लेक संघाचा आधार बनला. १९०३-०४ च्या हंगामात या संघाने खेळाडूंना उघडपणे वेतन दिले. पूर्णतः व्यावसायिक असा पहिला संघ म्हणून सामान्यतः याचाच निर्देश होतो.

दुसरे मत पिट्सबर्गच्या बाजूचे आहे. वेस्टर्न पेनसिल्व्हेनिया हॉकी लीगमध्ये बहुधा १९०२ च्या सुमारासच कॅनडातून आणलेल्या खेळाडूंना आठवड्याच्या हिशेबाने पैसे मिळत होते. तेथे कृत्रिम बर्फाची सोय होती, हा मुद्दा या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. नैसर्गिक बर्फ हवामानावर अवलंबून असे आणि उबदार आठवडा आला की सामने रद्द होत. कृत्रिम बर्फामुळे सामन्यांच्या तारखा आधी ठरविता आल्या, तिकिटांचे उत्पन्न निश्चित झाले आणि नियमित वेतन देणे शक्य झाले. व्यवहाराच्या दृष्टीने पिट्सबर्गचे अग्रक्रमत्व नाकारणे कठीण आहे. तरीही संपूर्ण संघाचे व्यावसायिक स्वरूप उघड मान्य करण्याची कसोटी लावल्यास होटनचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीगमध्ये ही दोन्ही गावे होती. सर्व खेळाडू वेतनधारी असलेली ती पहिली संघटना होय. १९०७ मध्ये ती बंद पडली, तोवर कॅनडातील पूर्वेकडील प्रमुख संघटनेनेही व्यावसायिकांना प्रवेश दिला होता. पैसे घेणारे कोण व हौशी कोण, यांची नावे जाहीर करण्याची अट मात्र तिने घातली होती.

या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रेड ‘सायक्लोन’ टेलर याचे आहे. टोराँटोच्या एका संघाकडून खेळण्यास नकार दिल्यामुळे ऑंटॅरिओच्या संस्थेने त्याला खेळू दिले नाही. तो मॅनिटोबामार्गे होटनला गेला. १९०९-१० मध्ये चांदीच्या खाणीतील संपत्तीवर उभ्या असलेल्या रेनफ्रू संघाने त्याला सुमारे ५,२५० डॉलर दिल्याचे नमूद आहे. सामने बाराच्या आसपास होते, हे लक्षात घेता ही रक्कम त्या काळी थक्क करणारी होती. पुढच्याच हंगामात रेनफ्रू ज्यात खेळत असे त्या नॅशनल हॉकी असोसिएशन या व्यावसायिक संघांच्या संघटनेने संपूर्ण संघाच्या वेतनावर ५,००० डॉलरची मर्यादा घालून खेळाडूंचा रोष ओढवून घेतला.

करार : २६ नोव्हेंबर १९१७ रोजी स्थापन झालेल्या नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक संघटनेमध्ये राखीव कलमामुळे कराराची मुदत संपली तरी खेळाडू संघाशी बांधलेलाच राही. १९४२ ते १९६७ या काळात लीगमध्ये सहाच संघ असल्याने जागाही मोजक्या होत्या. कोवळ्या मुलांचे हक्क संघ आधीच मिळवून ठेवीत. पुढे नामांकित झालेला बॉबी ऑर चौदाव्या वर्षीच बॉस्टनशी बांधला गेला. १९६३ मध्ये निवडपद्धती, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची ड्राफ्ट ही रीत, सुरू झाल्यावर ही प्रथा हळूहळू मोडली. १९५७ मध्ये डिट्रॉइटचा खेळाडू टेड लिंडसे याने खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. तो मोडून काढण्यात आला आणि लिंडसेची रवानगी शिकागोला झाली. खेळाडूंची टिकाऊ संघटना १९६७ मध्ये झाली. १९७२ मध्ये प्रतिस्पर्धी वर्ल्ड हॉकी असोसिएशनने नॅशनल हॉकी लीगमधील नामांकित खेळाडू बॉबी हल याला विनिपेगमध्ये आणले आणि वेतनाचे मान एकदम वाढले. वेतनमर्यादेच्या वादात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम वाया गेला.

कारकीर्द : गॉर्डी हाउ १९४६ ते १९८० या काळात नॅशनल हॉकी लीगचे २६ हंगाम खेळला. ऑर गुडघ्यांमुळे तिशीतच निवृत्त झाला. दुखापतीने लवकर संपणाऱ्या कारकिर्दीचे हे दुसरे उदाहरण या पेशाला अधिक जवळचे आहे.

हौशी-व्यावसायिक सीमारेषा : सोव्हिएत खेळाडू सैन्यादी खात्यांत नोंदलेले असून नावापुरते हौशी होते; कॅनडाच्या उघड व्यावसायिकांना मात्र जागतिक स्पर्धांत मज्जाव होता. या प्रश्नावरून कॅनडाने १९७० ते १९७६ या काळात जागतिक स्पर्धांवर बहिष्कार टाकला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून नॅशनल हॉकी लीगचे खेळाडू ऑलिंपिकमध्ये उतरले. अमेरिकी महाविद्यालयीन संघटना कॅनडातील प्रमुख ज्युनियर लीगच्या मुलांना, त्यांना मिळणाऱ्या भत्त्यामुळे, व्यावसायिक मानून अपात्र ठरवीत असे. ही बंदी २०२५ मध्ये उठली.

महिला : २००७ मध्ये सुरू झालेल्या कॅनेडियन विमेन्स हॉकी लीगमध्ये पहिली दहा वर्षे वेतन नव्हते. अमेरिकेतील नॅशनल विमेन्स हॉकी लीगने २०१५ मध्ये वेतन सुरू केले, पण ते पोटापुरते नव्हते. १ जानेवारी २०२४ रोजी टोराँटो येथे प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा पहिला सामना झाला. यांपैकी व्यावसायिक खेळाचा आरंभ कोणता मानावा, याचे उत्तर पुरुषांच्या खेळाप्रमाणेच निवडलेल्या कसोटीवर अवलंबून आहे.