क्रिप्टो सॉकेट आणि टाळलेली कॉपी : पार्श्वभूमी

प्रोग्रॅमना कर्नलकडून एन्क्रिप्शन करून घेता यावं म्हणून लिनक्समध्ये एएफ-एएलजी नावाचा सॉकेट आहे; त्यात डेटाची कॉपी टाळायची सोय कशी आली आणि किती कामाची ठरली, त्याची ही पार्श्वभूमी. लिनक्स कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःची क्रिप्टो (एन्क्रिप्शनची) व्यवस्था मिळाली ती २००२ साली, २.५.४५ या विकास-आवृत्तीत, मुख्यतः आयपीसेकच्या, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलच्या, गरजेपोटी. सायफरला, म्हणजे एन्क्रिप्ट करणाऱ्या अल्गोरिदमला, एकसलग बफर न देता पेजच्या (कर्नल मेमरी ज्या ठरावीक मापात वाटतो त्या खणांच्या) तुकड्यांची यादी, म्हणजे स्कॅटरलिस्ट, द्यायची हे तेव्हाच ठरलं. पॅकेट काय किंवा डिस्कचे ब्लॉक काय, मेमरीत जिथे पडले असतील तिथेच त्यांच्यावर काम व्हावं, आधी एका जागी गोळा करायची वेळ येऊ नये, हा हेतू. आयपीसेक आणि नंतर डिस्क एन्क्रिप्ट करणारं डीएम-क्रिप्ट यांचं त्यावर उत्तम चाललं. युजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमना, मात्र पुढची आठ वर्षं आत यायला अधिकृत वाट नव्हती.

ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ती होती. डेव्ह-क्रिप्टो ही डिव्हाइस फाइल उघडायची आणि आयॉक्टल, म्हणजे त्या फाइलला खास हुकूम देणारे सिस्टिम कॉल, मारायचे. तीच पद्धत क्रिप्टोडेव्ह या बाहेरच्या मॉड्यूलने लिनक्सवर आणली, राउटर आणि छोट्या एआरएम बोर्डांच्या जगात ती रुळलीही. मुख्य कर्नलमध्ये तिला जागा मिळाली नाही. २०१० मध्ये चर्चा रंगली आणि निकाल सॉकेटच्या, म्हणजे एरवी नेटवर्कसाठी वापरतात त्या लिहा-वाचायच्या दुव्याच्या, बाजूने लागला. मार्च २०११ मधल्या २.६.३८ मध्ये एएफ-एएलजी हा सॉकेटचा नवा प्रकार दाखल झाला, सुरुवातीला फक्त हॅश (डेटाचा छोटा ठसा) आणि सिमेट्रिक सायफर (दोन्हीकडे एकच किल्ली) यांच्यासाठी. पुढचं बरंचसं त्रांगडं या निवडीतून आलं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

सॉकेटवाल्यांचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. आयॉक्टल म्हणजे प्रत्येक वेळी नवी रचना, ३२ आणि ६४ बिटांचा मेळ घालायची डोकेदुखी आणि कायमचं ओझं. सॉकेटला बाइंड, ॲक्सेप्ट, सेंड, रीड हे सगळं तयारच आहे. बाइंड करताना अल्गोरिदमचं नाव द्यायचं, सेटसॉकऑप्टने किल्ली द्यायची, ॲक्सेप्टमधून मिळालेल्या डिस्क्रिप्टरवर डेटा लिहायचा आणि उत्तर वाचायचं. शिवाय २००६ मधल्या २.६.१७ पासून स्प्लाइस आणि व्हीएमस्प्लाइस, म्हणजे डेटा कॉपी न करता पाइपातून पेजंच पुढे सरकवणारे कॉल, हाताशी होतेच, त्यामुळे कॉपी टाळायची सोय आपसूक मिळेल असा हिशेब होता.

पण आयॉक्टलमध्ये इनपुट आणि आउटपुट दोन्हींचे पत्ते एकाच कॉलमध्ये येतात. कर्नलने तेवढ्यापुरती ती पेजं पिन करायची (जागेवरून हलू नयेत म्हणून धरून ठेवायची), सायफर चालवायचा, पेजं सोडायची. क्रिप्टोडेव्ह हेच करत होतं. सॉकेटमध्ये सेंड वेगळा, रीड वेगळा. सेंड परतल्यावर प्रोग्रॅमने तो बफर पुसला, पुन्हा वापरला किंवा फ्री केला तर? सेंडचा करारच असा की कॉल परतला की बफर तुमचा. म्हणून सायफरच्या सेंडमध्ये कर्नलला डेटाची कॉपी करून ठेवणं भाग पडतं. ज्या कॉपीवर उतारा म्हणून स्प्लाइस पुढे केला जातो, ती कॉपी मुळात सॉकेटच्या दोन-कॉली रचनेनेच ओढवून घेतली आहे. सॉकेटची बाजू मांडताना हा मुद्दा सहसा गाळला जातो.

त्याच कोडमध्ये हॅशची बाजू पाहिली की फरक स्पष्ट दिसतो. हॅशच्या सेंडमध्ये युजरची पेजं थेट पिन होतात आणि कॉल परतायच्या आत हॅशमध्ये मुरतातही. कॉपी नाही, पाइप नाही, साधा सेंड. सायफरच्या रीडमध्येही निकाल थेट युजरच्या पेजांत उतरतो. कॉपी अडली आहे ती एकाच ठिकाणी, सायफरकडे आत जाणाऱ्या डेटाच्या वाटेवर.

ती टाळायची तर असं करावं लागतं. आधी एक पाइप, म्हणजे कर्नलमधली डेटाची नळी, बनवायचा. सेंडमेसेजने फक्त आयव्ही (एन्क्रिप्शनची सुरुवातीची किंमत) आणि 'एन्क्रिप्ट की डिक्रिप्ट' एवढं कळवायचं, डेटा शून्य, 'अजून येतंय' हा फ्लॅग लावून. मग व्हीएमस्प्लाइसने आपली पेजं पाइपात टाकायची, स्प्लाइसने पाइपातून सॉकेटमध्ये ढकलायची आणि शेवटी रीड. बफर पेजच्या सीमेवर सुरू झालेला बरा. नसेल तर काम होतं, पण जादा खटाटोपात वेगाचा फायदा निघून जातो. आणि रीड होईपर्यंत त्या पेजांना हात लावायचा नाही. कर्नल अडवत नाही, फक्त चुकीचं उत्तर देतो.

एका खेपेला मर्यादा १६ पेजची. पाइपची नेहमीची क्षमताही तेवढीच. ४ केबीच्या पेजने १६ पेज म्हणजे ६४ केबी. एक जीबी डेटा द्यायचा तर १६,३८४ खेपा आणि प्रत्येक खेपेला व्हीएमस्प्लाइस, स्प्लाइस, रीड असे किमान तीन कॉल. ६४ केबीची मेमरी-टू-मेमरी कॉपी आजच्या प्रोसेसरवर काही मायक्रोसेकंदांत उरकते. ती वाचवायला तीन कॉल खर्ची घालणं म्हणजे चाराण्याची कोंबडी आणि बाराण्याचा मसाला.

अर्थात हे आजच्या प्रोसेसरपुरतं. हा इंटरफेस आणला तेव्हा डोळ्यांसमोर होते ते मुख्य कोअरपासून वेगळे असलेले क्रिप्टो ॲक्सिलरेटर, ज्यांच्यापर्यंत युजरस्पेस स्वतःहून पोचूच शकत नाही. मार्व्हलच्या किर्कवुडसारख्या एसओसीमध्ये (सगळी यंत्रणा एकाच चिपवर) क्रिप्टोचं वेगळं इंजिन असतं आणि मुख्य कोअर किरकोळ. तिथे सीपीयूने केलेली प्रत्येक कॉपी खरंच महागात पडते. पण एएफ-एएलजी येण्याच्या वर्षभर आधीच, २०१० च्या सुरुवातीला, इंटेलचे एईएस-एनआय, म्हणजे एईएस हा सायफर चालवायच्या खास सूचना, असलेले प्रोसेसर बाजारात आले होते. ज्या सूचना प्रोसेसरवर थेट चालतात त्यांच्यासाठी कर्नलचं दार कोण ठोठावणार? एआरएमच्या ६४-बिट कोअरमध्येही पुढे तशाच सूचना आल्या.

नंतरची वर्षं बहुतेक डागडुजीत गेली. २०१२ मध्ये टीसीपीचा वेग सुधारताना स्प्लाइसच्या आतल्या फ्लॅगमध्ये बदल झाला. 'अजून येतंय' ऐवजी एक नवा अंतर्गत फ्लॅग आला, एएफ-एएलजीला त्याची ओळखच नव्हती. फाइल थेट सॉकेटमध्ये ढकलणाऱ्या सेंडफाइल या कॉलने फाइल हॅश सॉकेटमध्ये सोडली की मधल्याच पेजला सॉकेट डेटा संपला असं समजून मोकळा व्हायचा. दुरुस्ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. इतका काळ ते कुणाला फारसं खटकलं नाही, यावरून वापर किती होता याचा अंदाज यावा.

२०१५ मध्ये ४.१ आवृत्तीत एईएडी (एन्क्रिप्शन आणि छेडछाडीची तपासणी एकत्र) आणि असिंक्रोनस काम (निकालासाठी न थांबता पुढे जाणं) आलं. त्याच्या आधारावर ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीच्या १.१.० मध्ये, २०१६ साली, एएफएएलजी इंजिन आलं, तेही फक्त एईएस-सीबीसीपुरतं. त्यात कॉपी टाळण्याचा रस्ता आहे, पण कंपाइल करतानाच ठरवायच्या पर्यायाआड. २०१७ च्या ४.१४ मध्ये आतलं कोड एकत्र आणून नव्याने मांडलं गेलं आणि एईएडीच्या बाजूला एक गमतीची गोष्ट झाली. स्प्लाइसने कॉपी न करता आलेला डेटा आत गेल्यावर आउटपुटच्या पेजांत कॉपी व्हायचा आणि मग तिथल्या तिथे एन्क्रिप्ट व्हायचा. ही कॉपी करायला वापरला होता नल सायफर, म्हणजे काहीही एन्क्रिप्ट न करणारा सायफर.

त्याच वर्षी ४.१३ मध्ये कर्नल-टीएलएस, म्हणजे टीएलएस या वेबच्या एन्क्रिप्शनचं काम कर्नलमध्येच करायची सोय, आलं आणि सेंडफाइलला खरा उपयोग तिथे सापडला. तिथे डेटा कर्नलमधून नेटवर्कवरच जायचा असतो, युजरस्पेसला परत आणायचा नसतो.

२०२२ मध्ये डर्टी पाइप हे सुरक्षेतलं भगदाड गाजलं. पाइपमधल्या एका न पुसलेल्या फ्लॅगमुळे स्प्लाइसने आणलेल्या पेज-कॅशमध्ये, म्हणजे फाइलींच्या मेमरीतल्या प्रतीत, परवानगी नसताना लिहिता येत होतं. एएफ-एएलजीचा त्यात संबंध नव्हता, पण 'पेज फिरवा, कॉपी करू नका' या सवयीकडे तेव्हापासून जास्त संशयाने पाहिलं जाऊ लागलं. २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत सेंडपेज हा जुना अंतर्गत मार्गच काढला गेला आणि त्याजागी सेंडमेसेजला पेजं थेट घ्यायला सांगणारा फ्लॅग आला.

प्रत्यक्ष वापर आज कुठे दिसतो? क्रिप्टसेटअप हे डिस्क एन्क्रिप्शनचं साधन लुक्स या फॉरमॅटचा की-स्लॉट (किल्ली ठेवायचा कप्पा) उलगडताना हा सॉकेट वापरू शकतं, तेही ५१२ बाइटच्या सेक्टरनुसार, म्हणजे एका पेजच्या आठव्या हिश्शाने. आयडब्ल्यूडी हा वायफाय डेमन पासवर्डपासून किल्ली बनवताना याच सॉकेटवर एचमॅक (किल्ली मिसळून काढलेला हॅश) काढतो. डब्ल्यूपीए२ या वायफाय-सुरक्षेच्या नियमाने एका पासवर्डमागे ते ८,१९२ वेळा होतं आणि दर वेळी आत जातात बहुतेक करून २० बाइट.