कॉइलओव्हर सस्पेन्शनची जुळणी

कॉइलओव्हर म्हणजे शॉकअपच्या अंगावरच कॉइल स्प्रिंग चढवलेली जोडणी. वजन स्प्रिंग पेलते, उसळी शॉकअप जिरवतो. जुन्या जीपगाड्यांना पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा असत. 2020 साली आलेल्या महिंद्रा थारला पुढे-मागे शॉकअपवर कॉइल कंपनीतूनच मिळते. ऑफ-रोडवाले मात्र कॉइलओव्हर म्हणतात ते ज्याच्या नळीला आटे असतात त्याला. आट्यांवरच्या रिंगला स्प्रिंगचे एक टोक टेकते, आणि रिंग सरकवली की गाडीची उंची बदलते.

फक्त उंचीच बदलते, हे इथे ठासून सांगायला हवे. ‘रिंग आवळ, गाडी कडक होईल’ हा सल्ला गॅरेजात हमखास ऐकू येतो, पण साध्या स्प्रिंगची ताकद आवळल्याने वाढत नाही. इंचाला 300 पौंडाची स्प्रिंग तितकीच राहते. गाडी वर येते आणि चाकाची खाली लोंबायची जागा तेवढी कमी होते. पांदणीत हीच जागा कामाची असते. पावसाळ्यात ट्रॅक्टरने काळ्या मातीत पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात विटेसारख्या वाळतात. त्या तिरक्या ओलांडताना एक चाक खड्ड्यापर्यंत पोचले नाही तर ते हवेतच फिरते. म्हणून शॉकअपच्या एकूण चालीचा, म्हणजे दांडा आत-बाहेर सरकतो त्या अंतराचा, तिसरा हिस्सा ते निम्मा भाग खाली जाण्यासाठी राखतात.

खरा कडकपणा हवा असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते, आणि त्यासाठी आधी वजन माहीत हवे. विदर्भात याची सोय चांगली आहे, कारण जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्यांसाठी वजनकाटा असतोच. टाकी भरून, स्टेपनी, माणसे आणि सामान घेऊन आधी फक्त पुढची चाके काट्यावर चढवावीत, मग फक्त मागची. कॉइलओव्हर चाकापासून किती आत बसवला आहे तेही मोजावे. चाक 10 इंच हलल्यावर शॉकअप 7 इंच दबत असेल, तर 400 पौंडाची स्प्रिंग चाकाशी 196 पौंडांचीच भरते, कारण गुणोत्तराचा वर्ग लागतो.

काही जोडण्यांत एकावर एक दोन स्प्रिंगा असतात. 200 आणि 300 पौंडाच्या मिळून सुरुवातीला 120 पौंडच देतात. मधला सरकता तुकडा अडकणीला टेकला की पुढे एकटी 300 पौंडाची काम करते. चाल सुरुवातीला मऊ आणि शेवटी कडक ती यामुळेच.

फिटिंग पक्के करण्याआधी स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावे. टायर घासतो का, ब्रेकचा पाइप ताणतो का, हे तेव्हाच दिसते. वर जाताना शॉकअप तळाला आपटण्याआधी बंप स्टॉप, म्हणजे चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा, लागला पाहिजे.

डँपिंगचे, म्हणजे शॉकअपने हालचाल किती रोखायची ते ठरवण्याचे काम जास्त चिकाटीचे. परतीचे, म्हणजे चाक खाली येतानाचे डँपिंग कमी असेल तर गाडी खड्ड्यानंतर झुलत राहते. जास्त असेल तर लागोपाठ खड्ड्यांत चाक परत खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो, आणि गाडी दर झटक्याला थोडी थोडी बसत जाते. वरून पाहणाऱ्याला स्प्रिंग मऊ वाटते, दोष असतो उलटा. मुरमाच्या रस्त्यावर हे लवकर लक्षात येते. दाबाचे, म्हणजे चाक वर जातानाचे डँपिंग फार असेल तर झटका सरळ स्टिअरिंगवर येतो. शॉकअपवरचा डँपिंगचा नॉब पूर्ण बंद करून तिथून टिकटिक मोजत उघडावा, एका वेळी एकच बदल करावा, आणि चाचणी रस्त्याच्या त्याच तुकड्यावर घ्यावी. शॉकअपच्या दांड्यावर रबरी रिंग चढवून ठेवली की चाल किती वापरली गेली ते ती दाखवते.

जानेवारीत लावलेली जुळणी मे महिन्यात सैल वाटली तर नवल नाही. 45 अंशांच्या उन्हात शॉकअपमधले तेल पातळ होते.

काळी माती आट्यांत वाळली की रिंग फिरत नाही. अशा वेळी पाना लावून जोर करू नये, आटे खराब होतात. आधी पाणी मारून माती भिजू द्यावी, ब्रशने घासावी, आणि मगच रिंगला हात लावावा.