आधी यार्ड, मग स्टेशन
छोट्या मांडणीत गाड्या ठेवायची जागा कशी आखावी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मॉडेल रेल्वेची नवी मांडणी ठरवताना कागदावर सगळ्यात आधी स्टेशन उतरतं. मग घाट, बोगदा, पूल, आणि हौस असेल तर वडापावची गाडी आणि देऊळसुद्धा. गाड्या उभ्या करायची जागा शेवटी, उरल्यासुरल्या कोपऱ्यात. पुढे चौथी गाडी घरी येते आणि खोक्यातच राहते, कारण रुळांवर तिला जागाच नसते. आमच्या काउंटरवर पसरले जाणारे बहुतेक आराखडे इथेच अडलेले असतात, म्हणून हे पत्रक.

सगळी मापं एचओ स्केलची आहेत, म्हणजे १:८७ आणि १६.५ मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर). आपल्या गाड्यांची मॉडेल्स बहुतेक त्यातच मिळतात. (खरं ब्रॉडगेज १,६७६ मिमीचं; काटेकोर हिशेबाने एचओत ते १९ मिमीच्या वर जायला हवं. ही तडजोड सगळ्यांनी कधीच गिळली आहे, तुम्हीही गिळा.)

यार्ड म्हणजे काय, तर मांडणीवर न दिसणारं बाकीचं जग. समजा तुम्ही कर्जत स्टेशन केलंत. मुंबईहून गाडी येते, घाटासाठी मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं, गाडी पुण्याकडे निघते. टेबलावर जागा फक्त कर्जतला आहे. मुंबई आणि पुणे दोन्ही पडद्यामागे, एकाच यार्डात. ब्रिटिश हौशी मंडळी त्याला फिडल यार्ड म्हणतात, अमेरिकन स्टेजिंग; आम्ही नुसतं यार्ड म्हणू. यार्डात पाच गाड्या असतील तर स्टेशनवर वर्दळ दिसते. एकच असेल तर तीच गाडी गोल गोल फिरताना दिसते, आणि घरच्यांचा उत्साह महिन्याभरात ओसरतो.

पहिलं माप : तुमची सगळ्यात लांब गाडी

आयसीएफ (जुन्या पद्धतीचा प्रवासी) डबा बफरसकट सुमारे २२.३ मीटर, म्हणजे एचओत २५.६ सेंमी. एलएचबी (नव्या पद्धतीचा) २४ मीटरचा, म्हणजे २७.६ सेंमी. डब्ल्यूएपी-७ इंजिन २३.६ सेंमी. चोवीस एलएचबी डबे आणि एक इंजिन धरलं तर गाडी पावणेसात मीटरच्या पुढे जाते. पूर्ण रेक, म्हणजे सगळे डबे, हवाच म्हणणाऱ्यांना आम्ही आधी खोलीची लांबी विचारतो.

काही कंपन्या डबे मुद्दाम आखूड करतात, त्यामुळे पत्रकातल्या आकड्यांवर विसंबू नका. गाडी जोडून रुळावर ठेवा, कपलिंग ताणलेलं असताना टेपने मोजा, आणि त्यात १० सेंमी मिळवा. ही तुमची लाइनची लांबी. छोट्या मांडणीसाठी इंजिन आणि चार ते पाच डबे हा आमचा ठरलेला सल्ला. ते केविलवाणं वाटत असेल तर इतकं सांगतो की १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिच्या रेकला सातच डबे होते.

आता खरी गोम. लाइनची लांबी म्हणजे रुळाची लांबी नव्हे. खऱ्या यार्डात दोन लाइन जिथे एकत्र येतात त्याच्या अलीकडे फाउलिंग मार्क असतो. त्याच्या पुढे डबा उभा राहिला तर शेजारच्या लाइनवरून जाणारी गाडी त्याला घासणार. मॉडेलवरही तेच. एका लाइनवर तुमचा सगळ्यात लांब डबा ठेवा, शेजारच्या लाइनवर दुसरा घ्या आणि दोन्ही हाताने हळूहळू सांध्याकडे (पॉइंट, जिथे एका रुळातून दुसरी लाइन फुटते) ढकला. दोघांच्या कडांमध्ये जेमतेम ५ मिमी उरले की थांबा. डब्याचं टोक जिथे आलं तिथे स्लीपरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. १२ अंशांच्या नेहमीच्या सांध्यावर हा ठिपका सांधा संपल्यानंतरही साधारण ८ ते १० सेंमी पुढे पडतो. आराखड्यात ही जागा जवळजवळ कुणीच धरत नाही. दोन्ही टोकांना सांधे असतील तर एका लाइनमागे जवळपास एक डबा इथेच गेला.

आठ बाय चारच्या प्लायवर काय मावतं

प्लायचा तक्ता आठ बाय चार फुटांत मिळतो, म्हणून मांडणीही आठ बाय चारची होते. २४४ सेंमी लांबी. ५०.५ सेंमी त्रिज्येची वळणं घेतली आणि कडेला ५ सेंमी सोडले, तर दोन वळणांमध्ये सरळ रूळ उरतो १३३ सेंमी. डब्ल्यूएपी-७ आणि चार आयसीएफ डबे मिळून १२६ सेंमी. म्हणजे सरळ भागात एक गाडी कशीबशी उभी राहते, आणि तीही एकही सांधा न घालता! शिवाय पूर्ण लांबीच्या डब्यासाठी ही त्रिज्या अगदी काठावरची आहे. वळणाची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुपटीपेक्षा बरीच जास्त असेल तर कपलिंग सुखाने चालतं.

आता सांध्यांची शिडी पाहू, म्हणजे एका लाइनमधून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी रचना. १२ अंशांचे सांधे आणि दोन लाइनमध्ये ५० मिमी अंतर धरलं, तर प्रत्येक वाढीव लाइनमागे सुमारे २३.५ सेंमी लांबी खर्च होते. पाच लाइनना चार सांधे, म्हणजे एका टोकाला ९४ सेंमी. दोन्ही टोकांना शिडी हवी असेल तर १८८. आपल्याकडे सरळ भाग आहे १३३. पेन्सिलीने काढलेल्या आराखड्यात हे सगळं छान मावलेलं असतं, कारण कागदावर सांधा हवा तितका आखूड काढता येतो. म्हणून सांध्याच्या प्रत्यक्ष मापाची प्रत काढून ती कापा आणि जमिनीवर मांडून बघा. आमच्याकडून हे कागदी सांधे मोफत मिळतात.

आम्ही सांधे विकतो, तरी सांगतो : आठ बाय चारवर शिडीचं यार्ड करू नका. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयातून थेट आमच्याकडे आलेल्या ग्राहकांना हे विशेष पटत नाही. पण तिथे मांडणीला अख्खं दालन आहे, तुमच्याकडे बेडरूमची एक भिंत. त्या भिंतीचाच उपयोग करा. ११ फुटांची भिंत म्हणजे ३३५ सेंमी. त्यात १९० सेंमीचं स्टेशन आणि १४५ सेंमीचं यार्ड असे दोन फळीवजा भाग ठेवले तर मधल्या तक्त्याला वळसा घालावा लागत नाही आणि खोलीत पलंगही राहतो.

सांध्यांशिवायचं यार्ड

सगळ्यात स्वस्त प्रकार कॅसेटचा. १२ मिमी प्लायची पट्टी, तिच्यावर सरळ रूळ, दोन्ही बाजूंना उभी कड आणि टोकांना फोमचा अडथळा. अख्खी गाडी उचलून शेल्फवर ठेवायची, दुसरी आणून लावायची. इंजिनाचं तोंड फिरवायचं असेल तर पट्टीच फिरवा. ९० सेंमीपेक्षा लांब कॅसेट मात्र एका माणसाला सांभाळत नाही; मध्ये वाकते आणि डबे एका बाजूला गोळा होतात. लांब गाडीसाठी इंजिनाची ३० सेंमीची वेगळी कॅसेट करा.

आमची पसंती सरकत्या तक्त्याला आहे. पाच लाइन एका तक्त्यावर शेजारी शेजारी, आणि तक्ता आडवा सरकतो. हवी ती लाइन येणाऱ्या रुळासमोर आणायची. एकही सांधा नाही, म्हणून प्रत्येक लाइन पूर्ण लांबीची मिळते. तक्त्याखाली मॉड्युलर किचनच्या ड्रॉवरला लागतात तीच टेलिस्कोपिक चॅनल बसतात, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दोन लाइनमध्ये ६० मिमी अंतर ठेवा. आयसीएफ डब्याची रुंदी ३७ मिमी. ५० मिमी अंतर ठेवलं तर दोन डब्यांमध्ये १३ मिमीची फट उरते आणि घसरलेला डबा उचलायला बोट शिरत नाही. ६० मिमीला २३ मिमीची फट मिळते, तेवढी पुरते.

जागेचा हिशेब करताना एक गोष्ट विसरू नका. पाच लाइनचा तक्ता ३० सेंमी रुंद, पण पहिली आणि पाचवी लाइन समोर आणायला तो दोन्हीकडे १२ सेंमी सरकणार. म्हणजे एकूण ५४ सेंमी रुंदी मोकळी हवी. भिंतीला चिकटवून बसवलात तर अर्ध्या लाइन कायमच्या निकामी.

रूळ अचूक जुळवायला पितळी टॉवर बोल्ट वापरा, दाराला लावतो तेच, छोटे. बोल्ट तक्त्यावर, आणि त्याची कडी प्रत्येक लाइनसमोर स्थिर भागावर. कडी बसवताना आधी इंजिन दोन्ही रुळांवर अर्धं अर्धं उभं करा, चाकं हलकेच मागेपुढे करून खटका लागत नाही ना ते पाहा, मगच स्क्रू घट्ट करा. एका रुळाला एक असे दोन बोल्ट लावले तर वीजही त्यांच्यातूनच जाते. समोर आलेल्या लाइनलाच प्रवाह मिळतो, बाकीची इंजिनं जागच्या जागी बंद. वायरिंगची निम्मी डोकेदुखी इथेच गेली.

अशा यार्डातून गाडी आली त्याच बाजूने परत निघते, त्यामुळे इंजिन दुसऱ्या टोकाला आणावं लागतं. ते टाळायचं असेल तर दोन्हीकडे केबिन असलेली गाडी निवडा : लोकल, मेमू, किंवा वंदे भारत. मुंबईहून सोलापूर आणि शिर्डीला वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते, म्हणजे कर्जतच्या मांडणीवर सोलापूरची गाडी अगदी रास्त आहे. चार डब्यांची केलीत तरी कुणी हरकत घेणार नाही. घेतलीच तर त्याला बाकीचे डबे आणायला सांगा.

टेबलाखालचं यार्ड

‘वर स्टेशन, खाली यार्ड’ हा प्रश्न हमखास येतो. खालच्या मजल्यावर हात घालायला किमान १५ सेंमी उंची लागते. ३ टक्के उतार धरला तर १५ सेंमी उतरायला ५ मीटर रूळ हवा. आपल्या आठ बाय चारच्या लंबगोलाची पूर्ण फेरी सुमारे ५.८ मीटरची, म्हणजे जवळजवळ अख्खी फेरी उतारातच गेली, स्टेशनसाठी सपाट जागा उरली नाही. आणि उतरलेली गाडी वरही चढली पाहिजे. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के, आणि तिथे खऱ्या रेल्वेलाही मागून बँकर लावावे लागतात. मॉडेलचं इंजिन त्याहून तीव्र चढावर, तेही वळणावर, पाच डबे ओढताना चाकं फिरवत जागीच राहतं. मोठ्या खोलीत हे जमतं, छोट्या तक्त्यावर नाही.

जागा तेवढीच आणि गाडी लांब हवी असेल तर एन स्केलचा विचार करा : १:१६० आणि ९ मिमी गेज. आयसीएफ डबा १४ सेंमीचा होतो. एचओत इंजिन आणि चार डबे जिथे उभे राहतात, तिथे एनमध्ये इंजिन आणि आठ डबे. अडचण एकच, भारतीय मॉडेल्स फार थोडी मिळतात.

वीज

साध्या डीसी कंट्रोलरवर प्रत्येक लाइनला एक स्विच द्या, आणि बंद टोकाकडचा ३० सेंमीचा तुकडा विजेपुरता वेगळा तोडून त्यालाही स्विच द्या. इंजिन तिथे उभं राहतं आणि दुसरं मागून येऊ शकतं. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा आदेश देणारं डिजिटल नियंत्रण) घेतलंत तर ‘आता स्विच कशाला’ असं वाटेल. तरीही बसवा. यार्डात उभ्या असलेल्या आवाजाच्या इंजिनांचा आणि दिव्यांच्या डब्यांचा प्रवाह सतत चालू राहतो, आणि एका लाइनवर शॉर्ट झालं तर सगळी मांडणी बंद पडते. कुठली गाडी कारण आहे ते शोधायला एकेक लाइन बंद करण्याइतका सोपा उपाय नाही.

गाडी वळवून परत आणणारं गोल वळण दोन रुळांच्या पद्धतीत घालणार असाल तर आधी आमच्याशी बोला. उजवा रूळ फिरून डाव्याला मिळतो आणि शॉर्ट होतं. त्यासाठी दोन्ही टोकांना विजेपुरता तोडलेला भाग आणि ऑटो-रिव्हर्सर (विजेची दिशा आपोआप उलटवणारं यंत्र) लागतो. तो भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा.

पावसाळा, धूळ आणि पाल

यार्डाच्या पायाला एमडीएफ नको. मुंबई आणि कोकणाच्या हवेत ते फुगतं, आणि सरकत्या तक्त्यात १ मिमी फुगवटासुद्धा रूळ जुळू देत नाही. आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना वार्निश मारा.

झाकलेल्या यार्डाचे रूळ सगळ्यात कमी पुसले जातात, आणि गाड्या सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभ्या असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड, महिन्यातून एकदा. सॅंडपेपर कधीच नाही. ओरखड्यांत घाण अधिक बसते. वरून ॲक्रिलिक शीट ठेवलीत तर धूळही थांबते आणि पालही. पालीची घाण रुळावर वाळली की इंजिन नेमकं तिथेच अडतं, आणि ग्राहक इंजिन दुरुस्तीला घेऊन येतात.

आमच्याकडे येताना काय आणायचं

खोलीचं माप, दार कुठल्या बाजूला उघडतं ते, खिडकी आणि प्लगचे पॉइंट. तुमच्याकडे असलेल्या गाड्यांची यादी, प्रत्येकीची टेपने मोजलेली लांबी. पुढच्या वर्षभरात घ्यायच्या मनात असलेल्या गाड्याही लिहा, खरं खरं. जेवढ्या गाड्या त्याहून एक लाइन जास्त आखतो. ती मोकळी असली तरच बाकीच्या हलवता येतात. आराखडा ग्राफ पेपरवर १:१० प्रमाणात असेल तर आम्ही तुमच्यासमोर तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत. रूळ आमच्याकडूनच घ्यावेत अशी अटही नाही. शनिवार-रविवारी दुकानात गर्दी असते, आराखडा घेऊन मधल्या वारी या.